शस्त्र परवान्याचा अर्ज: ‘गरज’ या रकान्यात काय लिहावे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बंदुकीचा परवाना मागणारे लोक साधारणपणे चार प्रकारचे असतात. पहिला पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यातला शेतकरी, ज्याचा भुईमूग आणि भात रानडुकरे एका रात्रीत उकरून टाकतात. दुसरा सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेला आणि बँकेत किंवा साखर कारखान्यावर सुरक्षारक्षकाची नोकरी शोधणारा जवान. तिसरा रोख रक्कम किंवा सोने बाळगणारा व्यावसायिक, मग तो सांगलीच्या हळद बाजारातला व्यापारी असो की विट्याकडचा, सोने-चांदी गाळून शुद्ध करणारा गलाई व्यावसायिक. चौथा तो, ज्याच्या घरात वडिलांची किंवा आजोबांची बंदूक भिंतीवर टांगलेली आहे आणि ती आता कोणाच्या नावे करायची हे घरात कोणालाच ठाऊक नाही. या चौघांचीही लेखणी अर्जातल्या एकाच रकान्यापाशी अडखळते. परवान्याची गरज काय, असे तिथे विचारलेले असते.

गेली अनेक वर्षे मी गावातल्या आणि नात्यातल्या माणसांना हे अर्ज लिहायला मदत करत आलो आहे. बंदुकीवर शासनाचे नियंत्रण किती असावे आणि व्यक्तीचा हक्क कुठवर जावा हा वाद वृत्तपत्रांत आणि चर्चांत मोठ्या शब्दांत चालतो, पण आपल्याकडे तो प्रत्यक्षात या एका रकान्यात आणि त्याला मिळणाऱ्या लेखी उत्तरात लढला जातो, अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून हे मार्गदर्शन मी त्या रकान्याभोवतीच ठेवले आहे.

अर्ज करण्याआधी: हक्क नेमका कशाचा?

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावा. भारतात बंदूक बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, तेही शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे. हे शब्द नकळत पडलेले नाहीत. इंग्रजांनी १८७८ साली केलेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली, याचा राग स्वातंत्र्य चळवळीत खोलवर होता. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींनीही १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. १९२८ चा नेहरू अहवाल आणि १९३१ चा कराची ठराव या दोन्हींत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नोंदवलेला होता. मात्र तो नियमांच्या अधीन राहील, असेही त्यांत म्हटले होते.

आपल्या भागात ही आठवण अधिक तीव्र आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले प्रतिसरकार तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत, काम करत होते. कुंडलसारख्या गावांतल्या ज्येष्ठांच्या तोंडी तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या, बंदुकांच्या गोष्टी असत. त्यामुळे ‘सामान्य माणसाच्या हातात शस्त्र नको’ हा युक्तिवाद इथे सहज पचत नाही, आणि तो न पचण्याला इतिहासाचा आधार आहे, हे मी मान्य करतो.

तरीही संविधान सभेने विचारपूर्वक वेगळा निर्णय घेतला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट करावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. स्वतंत्र देशात परिस्थिती बदलली असून, सर्वांना सरसकट शस्त्र बाळगण्याचा हक्क देणे नागरिकांच्याच सुरक्षिततेशी सुसंगत ठरणार नाही, आणि आता भर द्यायचा तो शस्त्र धारण करण्याच्या हक्कावर नव्हे तर देशासाठी ते धारण करण्याच्या कर्तव्यावर, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे १९९३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालात जीविताच्या हक्कातूनच शस्त्राचा हक्क निघतो असे म्हटले गेले, परंतु त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने नंतर ते मत टिकू दिले नाही. २०२३ साली बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयानेही अमेरिकेसारखा हक्क आपल्या संविधानात नाही, हे बोलून दाखवले.

अमेरिकेचा उल्लेख इथे आवश्यक आहे, कारण अनेक तरुण अर्जदार तिथले युक्तिवाद मोबाइलवर ऐकून येतात आणि तेच अर्जात उतरवतात. तिथे १७९१ पासून संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा स्वतंत्र हक्क असल्याचे सांगितले. २०२२ साली त्याच न्यायालयाने न्यूयॉर्क राज्यातली शंभर वर्षांहून जुनी अट रद्द केली. घराबाहेर पिस्तूल नेण्यासाठी आपल्याला खास कारण आहे हे अर्जदाराने सिद्ध करावे, अशी ती अट होती. म्हणजे ‘गरज काय?’ हा जो प्रश्न आपल्या अर्जात मध्यवर्ती आहे, तोच विचारण्याचा अधिकार तिथे सरकारकडून काढून घेतला गेला. तिथे बंधन का घालायचे हे सरकारला पटवून द्यावे लागते. इथे बंदूक का हवी हे नागरिकाला पटवून द्यावे लागते. दोन्हीकडचा वाद एकच दिसत असला तरी पुराव्याचे ओझे उलट्या खांद्यांवर आहे, आणि म्हणून तिथला युक्तिवाद आपल्या जिल्हाधिकाऱ्यांसमोर निरुपयोगी ठरतो.

‘स्वसंरक्षण हा माझा हक्क आहे’ हे वाक्य मात्र खरे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. पण हल्ला झाल्यावर स्वतःचा बचाव करण्याचा हक्क आणि त्यासाठी आधीपासून बंदूक जवळ ठेवण्याचा परवाना या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिली कायद्याने प्रत्येकाला दिली आहे, दुसरी मागून घ्यावी लागते. अर्जात नुसते पहिले वाक्य लिहिणे म्हणजे रकाना रिकामा सोडण्यासारखेच आहे.

कोणत्या गरजेला कोणते हत्यार

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये एक फरक आहे, जो बहुतेक अर्जदारांना कोणी सांगत नाही. किमान २० इंच लांबीच्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपण जिला बारा बोअरची म्हणतो तशी, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, अथवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितली, तर बाकी अडथळे नसताना परवाना प्राधिकाऱ्याने परवाना द्यावा अशी कायद्याची भाषा आहे. ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला पुरेशी नाही असे पटवून दिल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांसाठी मात्र अर्जदाराला पुरेसे कारण आहे, अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. पहिल्या प्रकारात कायदा अर्जदाराकडे थोडा झुकलेला आहे, दुसऱ्यात तो प्राधिकाऱ्याच्या समाधानावर सोडलेला आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, ज्याची गरज मळ्यातल्या एकाकी वस्तीच्या राखणीची आहे त्याने कमरेला लावायचे रिव्हॉल्व्हर मागू नये. रिव्हॉल्व्हर मागणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेची ओढ असते, असे मला अर्ज लिहिताना वारंवार जाणवले आहे. तपासाला येणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यालाही ते जाणवतेच. गरजेपेक्षा मोठे हत्यार मागितल्याने खरी गरजही खोटी वाटू लागते.

वयाची २१ वर्षे पूर्ण असली पाहिजेत. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीवर शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे बंदी असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेली बंदूकही या दोनांतच मोजली जाते. परवान्याची मुदत मात्र त्याच दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

पीकसंरक्षणासाठी अर्ज

आपल्या भागासाठी हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

रकान्यात ‘जंगली जनावरांचा त्रास आहे’ एवढेच लिहिलेले अर्ज मी ढिगाने पाहिले आहेत. त्याऐवजी कोणत्या गटातल्या किती क्षेत्रावर कोणते पीक होते, कोणत्या हंगामात, कोणत्या जनावराने, किती वेळा नुकसान केले आणि त्याची नोंद कोणाकडे झाली, हे तारखांसह लिहावे. सोबत सातबारा उतारा, पीक पाहणीची नोंद, वनविभागाने केलेल्या पंचनाम्यांच्या प्रती आणि पोलीस पाटलांचा दाखला जोडावा. पंचनामाच झाला नसेल तर तुमचे नुकसान कागदावर झालेलेच नसते, हे कटू वाटले तरी लक्षात ठेवावे. रानडुकरांनी किंवा गव्यांनी पीक तुडवले की आधी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा. त्यातून शासनाची नुकसानभरपाईही मागता येते आणि पुढे परवाना मागितलाच तर तोच कागद सर्वांत भक्कम ठरतो.

यानंतर येते ती बाब, जिच्यामुळे कोयना, चांदोली आणि सागरेश्वर यांच्या भोवतालचे अर्ज अनेकदा रखडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, आणि त्या परिघात राहणाऱ्या परवानाधारकांनी वनखात्याकडे नोंदणी करणेही अपेक्षित असते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पाटण, जावळी आणि शिराळ्यातल्या कित्येक गावांना ही दहा किलोमीटरची रेषा लागू पडते. सागरेश्वर क्षेत्रफळाने अगदी लहान आहे, पण त्याभोवतीचा दहा किलोमीटरचा परिघ बागायती आणि दाट वस्तीचा आहे. म्हणून अर्जासोबत आपले गाव अभयारण्याच्या हद्दीपासून किती अंतरावर आहे याचा वनविभागाचा दाखला आधीच मिळवून जोडावा. तो नसला की फाइल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहते आणि पुढचा हंगामही निघून जातो. ज्याच्या शेतात जनावरे सर्वांत जास्त उतरतात त्यालाच परवाना सर्वांत कठीण, हा या नियमाचा परिणाम शेतकऱ्याला अन्यायकारक वाटतो. आणि जंगलाच्या उंबरठ्यावर बंदुका वाढल्या तर शिकार वाढेल, ही वनखात्याची भीतीही निराधार म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट जीवावर बेतू शकते, म्हणून स्पष्ट लिहितो. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. गवा आणि बिबट्या हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि उभ्या पिकाला धोका असल्यास त्याला मारण्याची परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेशाने देऊ शकतो. तो आदेश हातात नसताना गोळी झाडली तर शस्त्राचा परवाना वाचवत नाही. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने झालेली हत्या गुन्हा ठरत नाही, पण ती परिस्थिती सिद्ध करावी लागते. परवान्याची वाट पाहून कंटाळलेले काही जण डुकरांसाठी गावठी बॉम्ब पेरतात किंवा कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. हे दोन्ही मार्ग गुन्ह्याचे तर आहेतच, पण पहाटे पाणी द्यायला निघालेल्या स्वतःच्याच घरच्या माणसाचा जीव त्या तारेवर जाऊ शकतो.

मी शेतकऱ्याला हे सांगतो की, सौर कुंपण, सामुदायिक राखण आणि भरपाईचा दावा हे तिन्ही करून पाहिल्याची नोंद अर्जात असावी. त्यामुळे गरज खरी आहे हे दिसते, आणि कित्येकदा हे तिन्ही मनापासून केल्यावर बंदुकीची गरजच उरत नाही.

जीवित आणि मालमत्तेच्या संरक्षणासाठी

शस्त्र नियम, २०१६ मध्ये व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने ज्याला जीविताच्या अथवा मालमत्तेच्या संरक्षणाची खरी गरज आहे, तसेच जो संरक्षण दलांत सेवेत आहे किंवा होता, त्यांचा विचार करण्यास सांगितले आहे. व्यापाऱ्याने रोख रकमेची वाहतूक कशी, किती अंतर आणि कोणत्या वेळी करावी लागते ते लिहावे, आयकर विवरणपत्रे जोडावीत, पूर्वी चोरीचा किंवा लुटीचा प्रयत्न झाला असल्यास तक्रारीची प्रत जोडावी. गलाईच्या व्यवसायासाठी परराज्यात असणाऱ्यांनी परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभरासाठी हवा आहे याचा आधी विचार करावा. क्षेत्र जितके मोठे, तितके कारणही ठोस असावे लागते. माजी सैनिकाने सेवामुक्तीची कागदपत्रे आणि नोकरीचे पत्र जोडावे. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांमुळे सैनिकांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात माजी सैनिकांकडे आदराने पाहिले जाते, पण त्या आदराने रकाना भरत नाही. ‘मी सतरा वर्षे बंदूक हाताळली आहे’ हे वाक्य पात्रता सांगते, गरज सांगत नाही.

अर्जदार गरीब आहे किंवा त्याच्या नावावर पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असे शस्त्र अधिनियमाचे कलम १४ स्पष्ट सांगते. मजुरी करणाऱ्या माणसाच्या जीविताला धोका असेल तर त्याचा अर्ज बागाइतदाराच्या अर्जाइतकाच वजनाचा आहे. ही तरतूद फार कमी लोकांना माहीत आहे, आणि जे माहीत असून सांगत नाहीत त्यांचे मला वाईट वाटते.

इथे एक प्रामाणिक सल्ला. बांधाच्या भांडणासाठी, भावकीतल्या वाटणीच्या वादासाठी किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतल्या वैरासाठी बंदूक मागू नये, आणि हे कारण दुसऱ्या कारणाच्या आड लपवूही नये. तपासणीत ते पुढे येतेच. पण त्याहून मोठे कारण असे की, नियंत्रणाच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद मला याच ठिकाणी पटतो: रागाच्या भरात हात काठीकडे गेला तर माणूस बहुधा वाचतो, बंदुकीकडे गेला तर वाचत नाही. ज्या घरात दारूचे व्यसन आहे, किंवा घरातले कोणी खोल नैराश्यातून जात आहे, त्या घरात बंदूक आणण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून बोलावे. वैद्यकीय प्रमाणपत्रात मानसिक स्वास्थ्य आणि व्यसन यांबद्दल विचारले जाते ते याचसाठी. ती औपचारिकता समजून ओळखीच्या डॉक्टरांकडून सही घेऊन मोकळे होऊ नये.

कार्यालयातली वाट

सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी पोलीस आयुक्तालय नसल्याने परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी असतात. विहित नमुन्यातला अर्ज परवान्यांच्या राष्ट्रीय ऑनलाइन प्रणालीतून भरला जातो आणि परवाना मिळाल्यावर प्रत्येक परवानाधारकाला एक विशिष्ट ओळख क्रमांक असतो. छायाचित्र, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याबाबतचे हमीपत्र आणि हाताळणीचे प्रशिक्षण यांची पूर्तता करावी लागते. त्यानंतर अर्ज पोलिसांकडे चौकशीसाठी जातो. चौकशीला आलेल्या अंमलदारासमोर अर्जातलेच कारण, त्याच शब्दांत, शांतपणे सांगावे. शेजाऱ्यांकडे चौकशी होते, ती होऊ द्यावी. पोलिसांच्या अहवालासाठी ३० दिवसांची मुदत आहे आणि तो विहित मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहताही परवाना प्राधिकारी निर्णय देऊ शकतात. म्हणून महिना उलटल्यावर पोच क्रमांक देऊन लेखी स्मरणपत्र द्यावे. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

नकार आला तर

माझ्या मते आपल्याकडे नागरिकाचा खरा हक्क इथून सुरू होतो. बंदुकीचा हक्क नाही, परंतु कारणासह लेखी निर्णय मिळण्याचा हक्क निश्चित आहे. कलम १४ नुसार परवाना नाकारताना प्राधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवली पाहिजेत आणि अर्जदाराने मागणी केल्यास त्यांचे थोडक्यात निवेदन दिले पाहिजे; ते देणे सार्वजनिक हिताचे नाही असे वाटले तरच ते राखून ठेवता येते. आदेशाविरुद्ध कलम १८ खाली ३० दिवसांत अपील करता येते.

कोयना खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याचे उदाहरण मला नेहमी आठवते. त्याला आलेल्या पत्रात ‘सद्यःस्थितीत आवश्यकता दिसून येत नाही’ एवढे एकच वाक्य होते. तो निराश होऊन घरी बसला होता. आम्ही आधी कारणांचे निवेदन मागितले. ते आल्यावर कळले की चौकशी अहवालात त्याच्या नावावर एक जुना मारामारीचा गुन्हा दाखवला होता, आणि त्यातून न्यायालयाने त्याला कित्येक वर्षांपूर्वी निर्दोष सोडले होते, ही नोंद अहवालात नव्हती. निकालाची प्रत जोडून अपील केले आणि प्रकरण फेरविचारासाठी परत आले. आधी कारण मागितले नसते, तर अपिलात काय लिहायचे हेच आम्हाला समजले नसते. म्हणून नकाराचे पत्र हातात पडले की त्याच दिवशी त्यावर तारीख टाकावी, कारणांची मागणी लेखी करावी आणि ३० दिवसांचा हिशेब चुकू देऊ नये.

हक्काच्या बाजूने बोलणाऱ्यांनी अमेरिकेच्या दुसऱ्या दुरुस्तीचे स्वप्न पाहण्याऐवजी या एका तरतुदीच्या अंमलबजावणीचा आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते. आणि नियंत्रणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की, ज्याला प्रामाणिक अर्ज करूनही कारण न देता परत पाठवले जाते तोच उद्या गावठी कट्टा विकणाऱ्याच्या बोलण्याला भुलण्याची शक्यता असते. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे.

परवाना मिळाल्यावर

परवाना एका व्यक्तीच्या नावाचा असतो, कुटुंबाच्या नावाचा नसतो. राखणीला आज धाकटा भाऊ जाणार म्हणून बंदूक त्याच्या हाती देऊ नये. बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवावीत आणि चावी मुलांना माहीत असू नये. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत किंवा निवडणूक जिंकल्याच्या आनंदात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुदत संपण्याच्या निदान दोन महिने आधी नूतनीकरणाच्या कामाला लागावे.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस येते, तेव्हा वाद पुन्हा डोके वर काढतो. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेणे उच्च न्यायालयांनी मान्य केलेले नाही. छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहून निर्णय घ्यावा अशी अपेक्षा आहे. जामिनावर असलेल्या, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेल्या किंवा पूर्वी दंगलीत गुंतलेल्या व्यक्तींचा त्यात विशेष विचार होतो. बँकेचा सुरक्षारक्षक किंवा एकाकी वस्तीवरचा शेतकरी यांनी सूट हवी असल्यास कारणासह अर्ज द्यावा. मात्र निर्णय येईपर्यंत नोटीस धुडकावू नये. जमा करताना शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि हत्याराची स्थिती लिहिलेली पावती घ्यावी.

शेवटी चौथा अर्जदार, वारस. परवानाधारकाचे निधन होताच त्या बंदुकीचा घरातला ताबा कायदेशीर राहत नाही, आणि कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. त्यानंतर वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा असतो. बाकीच्या वारसांची लेखी संमती त्यात जोडावी. परवानाधारक हयात असतानाही, वयाची ७० वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, कायदेशीर वारसाच्या नावे ते देण्याची सोय नियमांत आहे. घरात वृद्ध परवानाधारक असतील तर हा विषय त्यांच्याशी संकोच न करता बोलून घ्यावा.

आमच्या घरात तो कोणी बोलला नाही. आजोबांची ठासणीची बंदूक त्यांच्या निधनानंतर नऊ महिने माजघराच्या भिंतीवर तशीच होती, कारण ती खाली काढणे म्हणजे आजोबा गेल्याचे पुन्हा एकदा मान्य करणे, असे वडिलांना वाटत असे. एका परिचित वकिलांनी बजावल्यावर वडील आणि मी ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यात घेऊन गेलो. ठाणे अंमलदारांनी विलंबाबद्दल विचारले, वडिलांनी खरे तेच सांगितले, आणि आम्हाला पावती मिळाली. वारसाचा अर्ज भरायला मी नंतर बसलो. नाव, पत्ता, नाते, बंदुकीचा क्रमांक सर्व लिहून झाले. आमचे शेत तोवर गावालगत आले होते, जनावरांचा उपद्रव नव्हता, कोणाशी वैर नव्हते, घरात रोकड नसे. गरजेच्या रकान्यात लिहिण्यासारखे खरे असे काही मला सापडले नाही, आणि तो अर्ज मी दिला नाही. पावती अजून आजोबांच्या सातबाऱ्यांच्या पिशवीत आहे.